'माजा नाव काय सांजेक बदलता?' : औषध देताना सिस्टर एवढं का विचारते

संध्याकाळच्या औषधफेरीला एका आजींच्या खाटेपाशी ट्रॉली थांबवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा." आजी वैतागल्या. "गो बाय, सकाळी इचारलंस, दुपारी इचारलंस, आता परत. माजा नाव काय सांजेक बदलता?" अख्खा वॉर्ड हसला, मीही हसले. पण नाव ऐकेपर्यंत गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली नाही.

त्या दिवशी वॉर्डात तीन परब आजी होत्या. त्यातल्या दोघी तर सख्ख्या जावा. एकीच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, म्हणून तिला रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू होती. दुसरीला जठरात व्रण झाला होता आणि शौचाला काळं होत होतं, म्हणजे आतून रक्त जात होतं. पहिलीची गोळी दुसरीच्या पोटात गेली असती तर काय झालं असतं, ते सांगायला फार्माकॉलॉजी शिकावी लागत नाही. आणि या दोघी जावा गप्पा मारायला दिवसभर एकमेकींच्या खाटेवर बसायच्या! खाटेचा नंबर बघून औषध देणाऱ्या नव्या मुलीला देवच तारो.

आमच्या कोकणात एकेका गावात एकच आडनाव, वाडीत चार घरांत तेच नाव, आणि नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, केसपेपरचा नंबर, एवढं जुळल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, हे सिंधुदुर्गातल्या सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून काढलेल्या वर्षांनी मला शिकवलं. त्या विचारण्यामागे काय काय असतं, ते आज सांगते. यात शिकलेलं आहे, तशा चुकता चुकता टळलेल्या गोष्टीही आहेत.

बाटलीतलं विष आणि चमच्यातलं विष

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. कारखान्यात वापरायचं हे रसायन मूत्रपिंडं बंद पाडतं. बातमी आली तशी माझ्या ओळखीच्या आया घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून विचारायला आल्या. "ताई, यातली कुठली टाकू?"

भीती रास्त होती. पण तसलं विष कारखान्यातच बाटलीत जातं. ते ना आईला दिसतं, ना सिस्टरला. ते पकडायचं काम औषध प्रशासनाचं आणि प्रयोगशाळेचं. मी मात्र त्या पिशवीत वेगळंच काही बघत होते. तापाच्या औषधाच्या तीन बाटल्या, तिघींचं बळ वेगवेगळं, आणि मापायला एकच घरातला चमचा. औषध उत्तम, कंपनी चांगली, मुदत शिल्लक, तरी त्या चमच्याने घात होऊ शकतो. हा घात आपल्या हाताने होतो, म्हणूनच तो आपल्या हाताने टळतोही.

रक्तातलं औषध म्हणजे खाडीचं पाणी

औषध पोटात गेलं की रक्तात त्याची पातळी चढते, मग यकृत आणि मूत्रपिंडं ते काढून टाकायला लागतात आणि पातळी उतरते. पुढचा डोस आला की परत चढते. खाडीच्या काठी राहणाऱ्याला हे चित्र नवं नाही, दिवसातून दोनदा तो भरती-ओहोटी बघतो.

आता खाडीला लागून खारबंधारा घातलेली भातशेती आहे असं समजा. पाणी फार उतरलं तर होडी चिखलात रुतते. फार चढलं तर बंधाऱ्यावरून खारं पाणी शेतात शिरतं आणि वर्षाचं पीक जातं. होडी तरंगेल आणि बंधाराही ओलांडणार नाही, एवढ्या पट्ट्यात पाणी राहिलं पाहिजे. औषधाचंही तसंच. त्या पट्ट्याच्या खाली औषध काम करत नाही, वर गेलं तर अपाय करतं. आम्ही याला सुरक्षित पट्टा म्हणू.

काही औषधांचा पट्टा ऐसपैस असतो. पॅरासिटामॉलची गोळी अर्धा तास इकडेतिकडे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. काहींचा मात्र वीतभर असतो. वॉर्फरिन, हृदयाची डिगॉक्सिन, मनोविकाराची लिथियम, फिटची फेनिटॉइन ही त्यातली. म्हणून डिगॉक्सिन द्यायच्या आधी सिस्टर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे ठोके साठच्या खाली असतील तर गोळी थांबवते आणि डॉक्टरांना कळवते. नातेवाइकांना वाटतं सिस्टर टाइमपास करतेय.

पातळी किती वेगाने उतरते यावर डोस दिवसातून किती वेळा, ते ठरतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळाला अर्धायुष्य म्हणतात. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य साधारण दोन ते तीन तास, म्हणून ते तापात दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचं ३० ते ५० तास, म्हणून ती दिवसाला एकच. "बीपी जास्त आहे, एकीच्या जागी दोन घेतल्या" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दोन गोळ्यांचं पाणी दोन-तीन दिवस ओसरत नाही.

मग गोळी तासभर उशिरा मिळाली तर?

ही तक्रार नेहमीची. "आठची गोळी सिस्टरने पावणेनऊला दिली." बहुतेक गोळ्यांना एवढा फरक चालतो. चालत नाही ते ओळखणं हे कसब. जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि मग जेवणाचं ताट तासभर आलंच नाही, तर पेशंटची साखर कोसळते, घाम फुटतो, हात थरथरतात, बडबड सुरू होते. गंभीर जंतुसंसर्गात प्रतिजैविकाचा पहिला डोस लांबला तर जंतूंना मोकळं रान मिळतं. पार्किन्सनच्या गोळ्या उशिरा मिळाल्या तर माणूस खाटेवर लाकडासारखा होतो. या तिन्हींपैकी काही असेल तर सिस्टरला नक्की आठवण करा. कॅल्शियमच्या गोळीसाठी मात्र भांडू नका.

पाच गोष्टी, आणि त्यातली सगळ्यात फसवी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाच गोष्टी घोकून घेतात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे कुणी त्यात नोंदीची भर घातली, कुणी कारणाची, कुणी पेशंटच्या नकाराच्या हक्काची. यादी वाढत जाते. पेशंट आणि वेळ यांचं वर आलंच. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसवते ती मात्रा, कारण तिथे गणित आहे आणि आपण सगळेच गणितात घाई करतो.

दहा किलोचं मूल घ्या. तापासाठी पॅरासिटामॉल किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, तेव्हा द्यायचं ६ मिलिलिटर. दुसऱ्यात ५ मिलिलिटरला २५० असतं, तेव्हा ३ मिलिलिटर. आणि तान्ह्या बाळांसाठी थेंबांची बारीक बाटली येते, तिच्यात एकाच मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर पुरे. लहान बाटली म्हणजे सौम्य औषध, असा सगळ्यांचा समज. खरं तर तिन्हींत तीच सर्वांत कडक. सिरपचं माप लक्षात ठेवून कुणी थेंबांचं ६ मिलिलिटर पाजलं तर पोटात ६०० मिलिग्रॅम जातात, मर्यादेच्या चौपट. हे असंच तीन-चारदा झालं की यकृतावर येतं. औषधासोबत आलेली टोपी किंवा ड्रॉपर वापरा, पोह्यांचा चमचा नको, आणि एका बाटलीचं माप दुसरीला लावू नका.

इन्सुलिनची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं मिळतं, पेनातलं १०० चं. सिरिंजाही दोन, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. दवाखान्यातल्या पिवळट उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. १०० च्या कुपीतलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर येतं. अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. डॉक्टरांनी सांगितले २०, गेले ५०. उलट झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजने घेतलं, तर २० च्या खुणेला जेमतेम ८ युनिट जातात आणि घरचे म्हणतात, "इन्सुलिन घेऊनही शुगर उतरत नाही." टोपीचा रंग आणि कुपीवरचा आकडा जुळतो का, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

लिहिण्याचंही असंच. घाईत लिहिलेलं युनिटचं इंग्रजी 'यू' शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा असतो. दशांश चिन्हाआधी शून्य नसेल तर .५ मधला टिंब नजरेआड होऊन ५ वाचला जातो.

आणि फोनवर? रात्री डॉक्टर घरून सांगतात, इकडे पाऊस कौलांवर धडाधड कोसळतोय, तिकडे रेंज तुटतेय. "सात युनिट दे." ऐकू काय आलं? साठ. मराठीत सात आणि साठ यांच्यामध्ये फक्त एका श्वासाचा फरक आहे. म्हणून फोनवरची ऑर्डर कागदावर लिहायची, परत वाचून दाखवायची आणि आकडा फोडून बोलायचा. "सहानंतरचा सात ना डॉक्टर, सहा-शून्य नाही ना?" नव्या डॉक्टरांना सुरुवातीला हसू येतं. एखाद्या रात्री उपयोगी पडलं की हसू थांबतं.

वजनावर औषध, पण सापाला वजन कळत नाही

मात्रा वजनावर ठरते हे एकदा डोक्यात बसलं की एक अपवाद सांगावाच लागतो, कारण कोकणात तो जीवनमरणाचा आहे.

आधी विंचू, तिथे वजनाचा नियमच चालतो. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना मारायचा. त्याच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचं वादळ उठतं, हृदयावर भयंकर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी या वादळावर चालते हे दाखवलं. त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी तोंडाने द्यायची आणि किलोला ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दहा किलोच्या पोराला ०.३ मिलिग्रॅम. इथे 'मायक्रो' आणि 'मिली' यांची गल्लत हजारपटीची असते. शिवाय गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, कारण एकदम उठवलं तर रक्तदाब पडू शकतो. आई मुलाला कडेवर घ्यायला धावते आणि आम्हाला तिला थांबवावं लागतं. किती वाईट वाटतं ते!

आता साप. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं भरपूर. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. या लसीची मात्रा लहान मुलाला आणि मोठ्याला सारखीच. "एवढ्याशा पोराला मोठ्या माणसाइतक्या बाटल्या?" म्हणून बाप सिस्टरचा हात धरतात. पण आपण पोराला औषध देत नसतो, पोराच्या अंगातलं विष मारत असतो. आणि पोर लहान बघून साप विष कमी सोडत नाही. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या शिरेतून जातात आणि सिस्टर पेशंटपाशीच उभी राहते, कारण लसीचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी भरून ठेवलेलं असावं लागतं.

विष रक्तात भिनलंय का, हे बघायची आमची चाचणी फार साधी आहे. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. रक्त गोठलं नसेल आणि वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय. यात नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की उत्तर चुकतं. लाखाच्या यंत्राला जे जमेल ते एक काचेची नळी आणि घड्याळ करतं, अट एवढीच की कुणी मध्येच उचलून बघू नये.

अढीतले आंबे आणि कुटलेली गोळी

मार्ग म्हणजे औषध शरीरात कुठून जातं. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि यकृत जकात नाक्यासारखं त्यातलं बरंचसं तिथेच कापून घेतं. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते या नाक्याला वळसा घालायला. ती घाबरून पाण्याबरोबर गिळली तर परिणाम उशिरा आणि कमी होतो.

इंजेक्शनचं वेड हा आमच्याकडचा जुना आजार. "सुई मारल्याशिवाय बरा वाटणा नाय." पण शिरेतून गेलेलं औषध परत काढता येत नाही. गोळी चुकली तर निदान थोडा वेळ हातात असतो.

बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असतं. म्हणजे औषध दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी. देवगडला अढी कशी लावतात ते आठवा. गवतात हापूस रचले की सगळे एकदम पिकत नाहीत, आज दोन, उद्या चार. एसआर गोळी म्हणजे औषधाची अढी. आजोबांना गिळवत नाही म्हणून सूनबाई ती खलबत्त्यात कुटून मधातून देते, तेव्हा अख्खी अढी एकाच दिवशी पिकते. चोवीस तासांचं औषध तासाभरात रक्तात. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरी गोळी किंवा पातळ औषध देतील. विंचवासाठीही प्राझोसिनची साधी गोळीच लागते, एक्सएल नाही. तिथे वादळ आत्ता आलेलं असतं, अढी पिकायची वाट बघून चालत नाही.

लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या, म्हणजे शेतातल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आठवड्यातून एकदा दिल्या जातात. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. दूध, लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचं औषध तिला शोषू देत नाही. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती परस्पर द्यायची नाही. शेतावरून दमून आलेला माणूस दोन घोट पाण्यावर गोळी टाकून तसाच लवंडतो आणि दुसऱ्या दिवशी छातीत जळतंय म्हणून दवाखान्यात.

सलाईनचं चाक

यावर वेगळं बोलायलाच हवं. सलाईन हळू पडतंय म्हणून नातेवाईक गुपचूप चाक फिरवतात आणि थेंबांची धार लावतात. "लवकर संपला म्हणजे लवकर घराक."

साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर घड्याळ समोर धरून तेच मोजत असते. सुपारीच्या बागेत ठिबक लावतात ते मुळांना पचेल तेवढंच पाणी मिळावं म्हणून. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात ते चाक मोकळं सोडलं तर पाणी फुप्फुसात साचतं आणि माणूस धापा टाकायला लागतो. बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल तर गोष्ट आणखी वाईट.

"डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग सिस्टरने कशाला डोकं चालवायचं?"

हे मला पेशंटांनीही ऐकवलंय आणि एका डॉक्टरांनीही. उत्तर द्यायला पोटॅशियमची अँप्युल पुरेशी आहे. दहा मिलिलिटरची, पाण्यासारखी नितळ, डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलची सख्खी बहीण वाटावी अशी. सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिली तर जीव वाचवते, थेट शिरेत टोचली तर हृदय थांबवते. म्हणून ती वॉर्डच्या नेहमीच्या ट्रेमध्ये ठेवतच नाहीत, कपाटात वेगळी ठेवतात, आणि देताना दोन सिस्टरांनी वेगवेगळं वाचून, वेगवेगळा हिशेब करून जुळवायचा असतो. 'वेगवेगळा' हा शब्द महत्त्वाचा. एकीने मोठ्याने वाचलं आणि दुसरीने मान डोलावली, याला तपासणी म्हणत नाहीत.

दुसरं उदाहरण मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदा देतात. चुकून रोज दिली तर अस्थिमज्जा रक्त बनवायचंच थांबवते आणि माणूस जातो. एकदा दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या कागदावर तिच्यापुढे 'रोज एक' असं लिहिलेलं होतं. उतरवून घेताना कुणाची तरी गल्लत झालेली. मी गोळी थांबवली आणि फोन केला. पलीकडून आधी चिडचिड, मग शांतता, मग "थँक यू सिस्टर". मी त्या वेळी थरथरत होते, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

कौलारू घराचं छप्पर आठवा. कुठलंच कौल शंभर टक्के धड नसतं. पण कौलावर कौल चढलेलं असतं, म्हणून वरच्याच्या तड्यातून आलेलं पाणी खालच्यावरून घरंगळून जातं. सगळे तडे एका रेषेत आले तरच घरात गळतं. लिहिणारे डॉक्टर, औषध देणारे फार्मासिस्ट, वाचणारी सिस्टर, ही एकावर एक कौलं. सिस्टर हे घरातल्या माणसाच्या डोक्यावरचं शेवटचं कौल. तिच्याखाली फक्त पेशंट असतो. म्हणून शंका आल्यावर गोळी थांबवून विचारणं हा उद्धटपणा नाही, ती तिची नोकरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांवर जगभर मोहीम सुरू केली, तेव्हा भर दिला तोही पद्धती सुधारण्यावर.

"पण एक सिस्टर आणि पेशंट एवढे, हे सगळं जमतं का?"

नाही जमत. खोटं कशाला बोलू. रात्रपाळीला एकटी सिस्टर, त्यात दोन नवी अ‍ॅडमिशन्स, त्यात वीज गेलेली, अशा वेळी पाचही गोष्टी प्रत्येक खाटेपाशी नीट करणं हा रोजचा झगडा असतो. माणसं वाढवा ही मागणी आम्ही करतोच, पुढेही करू.

तोवर तुमच्या हातातलं एक सांगते. सिस्टर ट्रॉली घेऊन औषधं काढत असताना तिला हाक मारू नका. डिस्चार्ज कधी, पंखा का चालत नाही, हे सगळं नंतर. मोजता मोजता मध्येच कुणी बोललं तर नोटांचासुद्धा हिशेब चुकतो. इथे नोटा नसतात.

आणि नवी गोळी हातावर आली की विचारा, ही कशासाठी? सकाळी लाल होती, आता पांढरी का? अनेकदा उत्तर साधं असतं, कंपनी बदलली. पण एखादेवेळी त्या प्रश्नानेच चूक सापडते. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं असेल, घसा आवळल्यासारखा झाला असेल, तर ते विचारायची वाट न बघता सांगा.

गावच्या घरात सिस्टर कोण?

मुलगा मुंबईत, आईबाप गावाला. गणपतीला चाकरमानी येतो तो वर्षभराच्या गोळ्यांची पिशवी घेऊन. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली साखरेची गोळी एका नावाची, गावच्या डॉक्टरांनी दिलेली दुसऱ्या नावाची. दोन्हींच्या पाठीवर बारीक अक्षरात तेच लिहिलेलं असतं, ग्लिमेपिराइड. आई इमानदारीने दोन्ही घेते. मोठ्या छापील नावाखालचं हे बारीक नाव म्हणजे औषधाचं खरं नाव. पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या एकदा टेबलावर ओता आणि तीच नावं जुळवा. तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल कसं लपून बसलेलं असतं ते तेव्हाच कळेल. धडधाकट माणसालाही दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, रोज दारू घेणाऱ्याला त्याहूनही कमी.

एकादशी आणि श्रावणी सोमवार हे साखरेच्या पेशंटचे धोक्याचे दिवस. उपास करायचा आणि गोळी मात्र चुकवायची नाही, असं आपली श्रद्धाळू माणसं करतात. उपासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवा.

पट्टीतल्या गोळ्या आधीच काढून डबीत भरू नका, आपल्या दमट हवेत त्या नरमतात. आणि इन्सुलिन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि फ्रीजमधलं इन्सुलिन घेऊन माणसं हवालदिल झाली होती. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, हे खरं. पण उघडलेली कुपी उन्हापासून दूर, गार जागेत साधारण चार आठवडे टिकते. फ्रीज बंद पडला तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवा. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

शेवटचं, बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, निघताना. सिंधुदुर्गातून पेशंट रात्री गोव्याला हलवतात तेव्हा नातेवाईक कपडे, पैसे, आधार कार्ड सगळं आठवणीने घेतात. रेफरच्या कागदावर काय दिलं आणि किती वाजता दिलं हे आहे का, ते वाचून घ्या. नसेल तर ड्यूटीवरच्या सिस्टरकडून लिहून घ्या, ती नाही म्हणणार नाही. सर्पदंश असेल तर लसीच्या किती बाटल्या गेल्या, विंचू असेल तर प्राझोसिन किती वाजता, साखरेचा पेशंट असेल तर शेवटचं इन्सुलिन कधी आणि त्यानंतर तो जेवला का. आणि रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या त्याच पिशवीत टाका, रिकाम्या झालेल्यासुद्धा.